मदत हवी आहे: खाजनात जीनोम-संपादित भात, कोरगुटाच्या शेजारी?

गोव्यात पेडण्याला आमचं खाजन (खाडीकाठची बांध घातलेली शेतजमीन) आहे, अर्ध्या एकराच्या आसपास. कोरगुट, म्हणजे खारं पाणी सोसणारं इथलं पारंपरिक भात, लावतो, बियाणं घरचंच. गेल्या पावसात मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाणी सोडण्या-अडवण्याच्या झडपेचं, दार मोडून खारं पाणी शिरलं, तेव्हा कोरगुटाचेही शेंडे करपले. म्हणून मे 2025 मध्ये जाहीर झालेल्या ‘पुसा डीएसटी राईस 1’ या जीनोम-संपादित भाताकडे डोळा आहे, क्षार नि दुष्काळ सोसतं म्हणतात.

घरात मात्र वाद. भाऊ म्हणतो, हे जीएमच (दुसऱ्या जीवाचं जनुक घातलेलं), तसल्याच बीटी वांग्याला 2010 मध्ये उगाच थांबवलं नव्हतं. माझ्या वाचनात यात परकं जनुक नाही, एमटीयू 1010 या आधीच्या भातवाणाच्याच एका जनुकात बदल केलाय. अशा वाणांना 2022 पासून जीएमच्या काही नियमांतून सूट आहे. (बाबांचा प्रश्न एकच: पेज कशी होते?)

कृषी कार्यालयात विचारलं, त्यांनी नाव-नंबर लिहून घेतला, बस्स.

एमटीयू 1010 बुटकं, म्हणजे हेही तसंच असणार, आणि आमच्याकडे पाणी गुडघाभर साचतं. मानस दुरुस्त करा हे सांगू नका, ते चालू आहे.

कोणी खाऱ्या जमिनीत हे लावून पाहिलंय का? आणि भात बहुतांशी स्वपरागित असलं, तरी कोरगुटाचं बियाणं शुद्ध राखायला मध्ये किती अंतर सोडावं?