वाढत्या शहरात बांधकामाला मोकळीक दिल्याने घरे परवडू लागतात का?

धागाकर्ता:

भरभराटीला आलेल्या शहरात दोन तक्रारी बहुधा एकाच तोंडून ऐकू येतात: घरे परवडत नाहीत आणि बांधकामे फार वाढली आहेत. या दोन्ही तक्रारी एकाच वेळी मान्य करून कोणालाही गृहनिर्माणाचे धोरण आखता येणार नाही, असे माझे ठाम मत आहे आणि ते इथल्या जाणकारांसमोर तपासून पाहावे म्हणून हा धागा काढत आहे.

रोजगार वाढला की माणसे येतात. त्यांच्यासाठी नवी घरे नसली म्हणून ती परत जात नाहीत. आधीपासून राहणाऱ्या, पण मिळकत कमी असलेल्या कुटुंबापेक्षा जास्त भाडे देऊन ती तेच जुने घर घेतात आणि ते कुटुंब शहराच्या कडेला ढकलले जाते. म्हणजे बांधकाम रोखल्याने शहराची वाढ थांबत नाही, तिचा भार मात्र सर्वांत दुबळ्या खांद्यांवर जातो. चटई क्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येते ते प्रमाण), उंचीची मर्यादा, सामासिक अंतरे (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा), वाहनतळाची सक्ती यांतील प्रत्येक नियमामागे कधी ना कधी रास्त कारण होते. न्यूयॉर्कमध्ये 1915 साली पूर्ण झालेल्या इक्विटेबल इमारतीने भोवतालचे रस्ते सावलीत टाकले, त्यावरून बराच गदारोळ झाला आणि 1916 साली त्या शहराने इमारती वर जाताना टप्प्याटप्प्याने मागे घेण्याचा नियम केला. ऊन आणि हवा मिळावी हा हेतू योग्यच होता. परंतु ऊन-हवेसाठी सुरू झालेली नियमांची परंपरा पुढे अनेक शहरांत शेजारी कोण यावा आणि कोण येऊ नये हे ठरवण्याचे साधन बनली.

न्यूझीलंडमधील ऑकलंडने 2016 साली नवा आराखडा अमलात आणून सुमारे तीन चतुर्थांश निवासी जमिनीवर पूर्वीपेक्षा दाट बांधकामाला परवानगी दिली. पुढील काही वर्षांत तिथल्या बांधकाम परवानग्या विक्रमी पातळीला गेल्या आणि ही वाढ प्रामुख्याने एकमेकांना लागून असलेल्या घरांत आणि सदनिकांत झाली. टोकियोत भूवापराच्या विभागांची चौकट राष्ट्रीय कायद्याने ठरते, त्यामुळे एखाद्या गल्लीच्या विरोधाने सबंध शहराचा पुरवठा अडत नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की, वाढत्या शहराने बांधायला परवानगी नाकारण्याची सवय सोडली पाहिजे.

जमीनजुमला:

आपण परवानगी आणि घर या दोन गोष्टी एकच मानल्या आहेत आणि माझा आक्षेप नेमका तिथेच आहे. शिकागोने 2013 आणि 2015 साली रेल्वे स्थानकांच्या परिसरात जादा बांधकामाला मुभा दिली. तिचा परिणाम तपासणाऱ्या अभ्यासात असे आढळले की, पुढील पाच वर्षांत तिथे नव्या बांधकाम परवानग्या वाढल्या नाहीत, मालमत्तांच्या किमती मात्र वाढल्या. घर एकही न वाढता जमीनमालक श्रीमंत झाले.

यात कोणाचे कारस्थान नाही; विकासकाचा हिशोबच तसा चालतो. जमीन घेताना तो शेवटाकडून सुरुवातीकडे येतो: तयार सदनिका किती किमतीला विकल्या जातील, त्यातून बांधकामाचा खर्च, कर्जाचे व्याज, निरनिराळी शुल्के आणि स्वतःचा नफा वजा केल्यावर जे उरते, तेवढे तो जमिनीसाठी देऊ शकतो. त्याच भूखंडावर दुप्पट क्षेत्रफळ बांधता येईल असे शासनाने जाहीर केले की ही उरलेली रक्कम वाढते, आणि ती वाढ जवळजवळ सगळी जमीनमालकाच्या पदरात पडते, कारण त्या जागी तो एकटाच विक्रेता असतो. जमीन महाग म्हणून घर महाग असे आपण सर्रास म्हणतो. खरे तर घराला एवढी किंमत मिळते म्हणून जमीन महाग होते. पुढे तीच जमीन चढ्या दराने घेतलेला विकासक घरांच्या किमती उतरू लागताच काम मंदावतो, कारण उतरलेल्या दरात त्याचा जमिनीचा खर्चही निघत नाही. त्यामुळे मोकळीक देऊन किमती उतरतील, ही अपेक्षा ज्याच्या हातून पूर्ण व्हायची, त्याचेच हित ती पूर्ण न होण्यात असते.

अमेरिकी अर्थविचारक हेन्री जॉर्ज यांनी 1879 साली जमिनीच्या मूल्यावर कर लावण्याची मांडणी केली होती. शहराच्या श्रमाने वाढलेले मूल्य शहराने परत घ्यावे, हा तिचा गाभा आहे. त्याची व्यवस्था केल्याशिवाय चटई क्षेत्र वाढवणे म्हणजे सार्वजनिक मालकीचे धन वाटून टाकणे होय.

भाडेकरू:

मी या विषयाकडे हिशोबापेक्षा अनुभवातून पाहतो. एका बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात मी घर नोंदवले आणि ताबा मिळण्याच्या ठरलेल्या मुदतीनंतर चार वर्षे कर्जाचा हप्ता आणि राहत्या घराचे भाडे दोन्ही भरले. त्या काळात शहरात बांधकामाची कमतरता मुळीच नव्हती. जिकडे पाहावे तिकडे क्रेन उभ्या होत्या. माझे पैसे घेऊन विकासक पुढचा भूखंड घेत होता, एवढाच त्याचा अर्थ होता, आणि तो मला फार उशिरा कळला.

हीच गोष्ट प्रचंड प्रमाणावर चीनमध्ये घडली. एव्हरग्रँड या कंपनीने ग्राहकांची आगाऊ रक्कम आणि कर्जे यांच्या जोरावर विस्तार केला, 2021 साली ती देणी चुकवू शकली नाही, आणि जानेवारी 2024 मध्ये हाँगकाँगच्या न्यायालयाने तिच्या विसर्जनाचा आदेश दिला. पैसे भरलेल्या असंख्य कुटुंबांच्या नशिबी अर्धवट सांगाडे आले. आयर्लंडमध्ये 2008 नंतर ओसाड, अर्धवट वसाहती उभ्या राहिल्या होत्या, त्याही भरभराटीच्याच काळात बांधायला घेतलेल्या होत्या. तेव्हा किती बांधले यापेक्षा कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या जोखमीवर बांधले, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

व्हिएन्नाच्या नगरपालिकेने 1923 साली गृहबांधणीसाठी स्वतंत्र कर बसवला. आलिशान घरांवर तो जबर होता आणि साध्या घरांवर नाममात्र. त्याच्या आधारे 1934 पर्यंत तिने 60,000 हून अधिक घरे बांधली. सिंगापूरने 1960 साली गृहनिर्माण मंडळ स्थापन केले आणि आज तिथले सुमारे चार पंचमांश रहिवासी त्या मंडळाने बांधलेल्या घरांत राहतात. बाजाराला मोकळीक दिली म्हणून हे घडले नाही. शासन स्वतः बांधायला उतरले म्हणून घडले.

धागाकर्ता:

जमीनजुमला यांनी मांडलेला हिशोब मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. शिकागोतील मुभा स्थानकांभोवतीच्या मर्यादित पट्ट्यापुरती होती. जादा बांधकाम थोड्याच भूखंडांवर शक्य असेल, तर ते भूखंड दुर्मीळ ठरतात आणि मालक अडून बसू शकतो. ऑकलंडमध्ये बहुतेक शहरालाच ती मुभा एकदम मिळाली, त्यामुळे एका मालकाने अवाच्या सवा भाव सांगितल्यास विकासकाला चार पावलांवर दुसरा भूखंड मिळत होता. म्हणजे शिकागोचा धडा मोकळीक देऊ नये असा नसून ती तुकड्यातुकड्याने देऊ नये असा आहे. जमिनीच्या मूल्यावर कर असावा, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण तो कर येईपर्यंत घरे अडवून धरणे मला पटत नाही.

नवी घरे महाग असतात, ती सामान्यांच्या कामाची नाहीत, हाही आक्षेप नेहमी घेतला जातो. हेलसिंकी महानगरातील लोकसंख्या नोंदींवर आधारलेल्या अभ्यासात असे दिसले की, मध्यवर्ती भागात बाजारभावाने विकली जाणारी नवी घरे तयार झाली की त्यांत जाणारे लोक आपली जुनी घरे रिकामी करतात, त्यांत दुसरे येतात, आणि स्थलांतराची ही साखळी थोड्याच काळात अल्प उत्पन्नाच्या वस्त्यांपर्यंत पोहोचते. घर महाग असले तरी ते कोणासाठी तरी दुसरे घर मोकळे करते.

भाडेकरू यांचा अनुभव क्लेशदायक आहे आणि त्यावर उपाय हवाच. ग्राहकाची रक्कम त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात राहावी आणि कामाच्या प्रगतीनुसारच बाहेर पडावी, असा कडक नियम पाहिजे. मात्र तो दोष पैशाच्या व्यवहारातील आहे, इमारतींच्या संख्येतील नाही.

ओळंबा:

मी तीन दशके बांधकामाच्या जागेवर काढली आहेत आणि या संपूर्ण चर्चेत बांधकाम या शब्दाचा अर्थ आकडा असा घेतला गेला, याचे मला वाईट वाटते. काँक्रीटची ताकद 28 दिवसांच्या चाचणीवर मोजली जाते. ते पहिले काही दिवस सतत ओले ठेवावे लागते. टेकू आणि साचे वेळेआधी काढले तर स्लॅब लगेच पडत नाही, पण त्याला बाक येतो, बारीक तडे जातात, त्यांतून ओल आत शिरून सळई गंजू लागते आणि फुगलेली सळई भोवतालचे काँक्रीट फोडते. हे सगळे उघड होईपर्यंत विकासक, ठेकेदार आणि देखरेख करणारा अभियंता, तिघेही तिथून केव्हाच गेलेले असतात. मागणीचा जोर असतो तेव्हा पाणी मारण्याचे दिवसच सर्वांत आधी कापले जातात, कारण त्या दिवसांत काम पुढे सरकताना दिसत नाही.

मी बांधकामाच्या विरोधात नाही. माझे आयुष्य त्यातच गेले आहे. परंतु परवानग्या दुप्पट झाल्या आणि तपासणी करणारे अभियंते, प्रयोगशाळा, कुशल गवंडी आणि सळई बांधणारे कारागीर तेवढेच राहिले, तर त्या शहराने दुप्पट घरे बांधलेली नसतात. पुढच्या पिढीची दुरुस्ती त्याने आजच विकलेली असते.

पाणलोट:

वरील चर्चेत पाण्याचा उल्लेख केवळ काँक्रीट ओले ठेवण्यापुरता आला. ह्यूस्टनमध्ये भूवापराच्या विभागणीचे नेहमीचे नियमच नाहीत आणि तिथे घरे तुलनेने स्वस्त आहेत, म्हणून मोकळीक मागणारे त्या शहराचे नाव नेहमी घेतात. त्याच शहरात ऑगस्ट 2017 मध्ये हार्वे वादळाच्या वेळी हजारो घरे पाण्याखाली गेली. पाऊस अभूतपूर्व होता, हे खरे. पण पाणी मुरवणारी गवताळ जमीन डांबर आणि काँक्रीटखाली गेल्याने पुराची तीव्रता वाढली, हेही तितकेच खरे.

धागाकर्ता:

हे उदाहरण माझ्या बाजूचे आहे, असे मी नम्रपणे सुचवतो. ह्यूस्टन वर वाढलेले नाही, ते आडवे पसरले. तेवढीच माणसे कमी जमिनीवर, चार-पाच मजली घरांत राहिली असती, तर गवताळ जमीन वाचली असती. मध्यवर्ती भागात उंच बांधायला बंदी घातली की शहर कडेने शेते, तळी आणि ओढे गिळत जाते.

ओळंबा यांच्या प्रतिसादानंतर मात्र मी माझी मागणी दुरुस्त करतो. परवानगी शुल्कातील ठरावीक वाटा तपासणी यंत्रणेसाठीच राखून ठेवावा आणि तपासणी करणाऱ्याची नेमणूक विकासकाने न करता शहराने करावी.

पाणलोट:

कमी जमिनीचा मुद्दा मान्य. तरीही जुन्या भागातील जलवाहिन्या आणि सांडपाण्याच्या नळांचा व्यास ज्या लोकसंख्येसाठी ठरवला होता, तिच्या तिप्पट माणसे तिथे राहायला आली तर ते नळ आपोआप रुंद होत नाहीत, आणि भरवस्तीत रस्ता खोदून ते बदलणे मोकळ्या जमिनीवर नवे टाकण्यापेक्षा कितीतरी खर्चिक असते. हाँगकाँगमध्ये रेल्वे कंपनीला स्थानकावरील बांधकामाचे हक्क मिळतात आणि त्या उत्पन्नातून मार्ग उभे राहतात, म्हणजे तिथे सुविधा आणि घरे यांचा पैसा एकाच हातात असतो. आपल्या प्रस्तावात घरे आधी येतात, जमिनीवरील कर पुढे कधीतरी येतो आणि नळाच्या खर्चाचा तर कुठे उल्लेखच नाही. आपण दुरुस्त केलेल्या मागणीत एवढी भर घालावी, अशी माझी विनंती आहे: ज्या भागाच्या वाहिन्यांचे काम सुरू झाले आहे, त्याच भागात जादा चटई क्षेत्र लागू व्हावे. त्यामुळे मोकळीक पुन्हा तुकड्यातुकड्याने दिली जाईल आणि शिकागोसारखे मालक अडून बसतील, हा आपला आक्षेप मला ठाऊक आहे. पण मैलापाणी तुंबलेल्या गल्लीत राहणाऱ्या माणसाला मालक अडून बसण्याच्या जोखमीपेक्षा नळ तुंबण्याची जोखीम मोठी आहे.