मदत हवी आहे: जाळं कापून कासव सोडलं, भरपाईचा अर्ज कसा करायचा?

मंडळी, मी राहते वारज्यात, पण प्रश्न हर्णैचा आहे. तिथे माझ्या मामेभावाची छोटी बोट आहे. गेल्या महिन्यात पहाटे जाळं ओढताना जड लागलं म्हणून सगळे खूश झाले, आणि वर आलं ते कासव. ऑलिव्ह रिडले, मादी (शेपूट आखूड होती म्हणून मादी, असं तो म्हणतो). पुढच्या एका पायाला जाळ्याचे तीन-चार वेढे पडलेले. सोडवायला जावं तर पीळ आणखी आवळायचा. शेवटी सुरी काढली. पाण्यात सोडल्यावर ती जरा वेळ नुसती तरंगत राहिली, मग एकदम खाली गेली.

जाळ्याला आता माणूस आत जाईल एवढं भगदाड आहे. सूत आणि मजुरी धरून अकरा हजार सांगितलेत. शोधाशोध केल्यावर कळलं की संरक्षित सागरी प्राणी जाळं कापून सोडला तर जास्तीत जास्त २५,००० रुपये भरपाई देणारी योजना राज्यात डिसेंबर २०१८ पासून आहे. भाऊ विचारायला गेला. एका कार्यालयाने दुसरीकडे पाठवलं, दुसरीकडे साहेब मीटिंगला गेलेले. धंद्याचा एक दिवस बुडाला तो वेगळाच. तेव्हापासून माझ्यामागे लागलाय, "ताई, तू पुण्यात असतेस, तुला मेल-बिल कळतं, तूच बघ." (पुण्यात राहिलं की सरकारी कामं आपोआप होतात, असा गावाकडे समज आहे. इथे मला पाण्याचं बिल दुरुस्त करून घ्यायला चार महिने लागले.)

पुरावा म्हणून खलाशाने काढलेला चौदा सेकंदांचा व्हिडिओ आहे. कासव दिसतं, सुरी दिसते, "अरे पाय सांभाळ" असं कुणी ओरडलेलं ऐकू येतं. कापलेलं जाळं दिसत नाही आणि बोटीचा नंबर तर नाहीच. जाळं अजून शिवलेलं नाही, मीच थांबवलंय. तोवर तो जुन्या जाळ्यावर भागवतोय आणि रोज फोन करून मला ऐकवतोय.

अर्ज कुणाकडे द्यायचा? नुसता व्हिडिओ चालेल का? अकरा हजारांपेक्षा मला एका खलाशाचं बोलणं जास्त लागलंय: "पुढच्या वेळी सुरी काढायचीच नाही."

प्रतिसाद:
योजना मत्स्यव्यवसाय विभाग आणि वन विभागाचा कांदळवन कक्ष यांची मिळून आहे. सुरुवात मत्स्यव्यवसायच्या परवाना अधिकाऱ्याकडून करा, बोटीची कागदपत्रं त्यांच्याचकडे असतात. तोंडी विचारत बसू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. व्हिडिओची मूळ फाइल जपा, व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली नको, कारण मूळ फाइलमध्ये तारीख-वेळ असते. जाळ्याचे फोटो बोटीसकट काढा, नंबर दिसला पाहिजे.

प्रतिसाद:
विषयांतर, पण भावाला सांगा. कासव फुप्फुसांनी श्वास घेतं, त्यामुळे जाळ्यात अडकून पाण्याखाली राहिलं तर गुदमरतं. निपचित दिसलं म्हणजे मेलंच असं नाही. लगेच पाण्यात टाकू नये. पोटावर ठेवून मागचा भाग अर्धा फूट उंच करायचा, सावलीत, अंगावर ओलं फडकं. काही तासांनीसुद्धा हालचाल करू लागतं. पाय धरून मात्र उचलू नका.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. ओल्या फडक्याचं लगेच कळवलं, त्याला पटलं. आणि दुसऱ्या खलाशाच्या मोबाइलमध्ये एक फोटो सापडलाय! कासव, फाटलेलं जाळं, मागे बोटीचा नंबर, सगळं एकत्र. फक्त नंबरचे शेवटचे दोन आकडे बर्फाच्या बादलीआड गेलेत. चालेल का?