कारैकुडीत जुन्या वस्तूंच्या मागे दोन दिवस: अनुभव लिहा

तमिळनाडूतल्या कारैकुडीच्या मुनीश्वरन कोविल स्ट्रीटवर जुन्या वस्तूंची दुकानं एकमेकांना खेटून आहेत. शनिवार-रविवार काढून जाऊन आलेल्यांनी लिहा: काय घेतलंत, काय हातात धरून परत ठेवलंत? चेट्टीनाड चिकनवर लिहायचं असेल तर त्याचा वेगळा धागा काढू, इथे गाडी लगेच तिकडे वळते.

चेन्नईत राहणारी:
पल्लवन एक्स्प्रेस दुपारी निघून रात्री पोचवते, शुक्रवारी निघालात तर शनिवारची सकाळ हाताशी. माझा जीव इनॅमलच्या डब्यांवर. इथल्या चेट्टियार या व्यापारी समाजाचा सावकारीचा पसारा एकेकाळी ब्रह्मदेश, सिलोन, मलायापर्यंत होता. लेकीला लग्नात भांडी इतकी देत की कित्येक वापरलीच जात नसत. म्हणून दुकानात आजही कोरे करकरीत टिफिन दिसतात. आधी डबा उपडा करा. तळाला 'चेकोस्लोव्हाकिया' छापलेलं असेल तर माल १९१८ नंतरचा, कारण त्याआधी तो देशच नव्हता. दुकानदार 'दीडशे वर्षांचं आहे मॅडम' म्हणाला की मी छाप दाखवते. तोही हसतो, मग खरा भाव सुरू होतो. कडेचा टवका उडाला असेल तर आतलं लोखंड गंजलंय का बघा. शोभेला चालेल, जेवणाला नको.

मळवलीचा:
मी गेलो रवि वर्म्यांच्या छापील चित्रांसाठी. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला त्यांचा छापखाना पुढे आमच्या गावी, लोणावळ्याजवळच्या मळवलीला आला. कारैकुडीतल्या एका अंधाऱ्या दुकानात, पितळी समयांच्या मागे, लक्ष्मीच्या चित्राखाली बारीक अक्षरात 'रवि वर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा' वाचलं आणि भाव करायची ताकदच गेली! तरी भिंग काढलंच. जुन्या शिळाछापात रंगाचे ठिपके वेडेवाकडे, दाणेदार दिसतात. आजच्या ऑफसेटमध्ये रांगेत उभे. शेजारच्या तीन 'जुन्या' लक्ष्म्या रांगेतल्या निघाल्या. कागद पिवळा असण्यावर जाऊ नका, तो चहाच्या पाण्यानेही होतो. आणि चौकट उघडून दाखवा म्हणा. नाही म्हणाला तर पुढचं दुकान.

पुणेकर:
मला निखळ मजा आली असं म्हणवत नाही. ब्रह्मी सागवानाचे खांब, कोरीव दरवाजे, अख्ख्या चौकटी भिंतीला टेकवून ठेवलेल्या. एका दारावर खडूने आकडा टाकलेला, बिजागरीला चुन्याचा ढेकूळ अजून चिकटलेला. म्हणजे कुणा चेट्टियाराचा वाडा नुकताच पडलाय. एकेका वाड्याला वारस ढीगभर, कोणी सिंगापुरात, कोणी चेन्नईत; डागडुजीचा खर्च कोणी करायचा? आपल्या पेठांमधलं काही वेगळं नाही. मी दार घेतलं नाही. जवळच्या आत्तंगुडी गावाला जाऊन तिथे बनणाऱ्या फरश्या मात्र पाहिल्या: काचेवर साचा ठेवून रंग ओततात, वर सिमेंट-वाळू, भट्टी नाहीच. नव्या फरश्यांची ऑर्डर देऊन आलो.

चेन्नईत राहणारी:
@पुणेकर, पटलं, पण वाडा पडल्यावर ते दार सरपणात जाण्यापेक्षा दुकानात गेलेलं मला चालेल.

पुणेकर:
चालेल हो. फक्त गिऱ्हाईक वाढलं की वाडे लवकर पडतात, एवढंच.

सिंगापूरवासी:
परदेशात नेणाऱ्यांसाठी. १९७२च्या कायद्याने शंभर वर्षांवरची कलावस्तू, आणि हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर वर्षांवरचं, पुरावशेष ठरतं. ते खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि त्याचा धंदा करायला परवाना लागतो. जुनाट दिसणाऱ्या मूर्तीसाठी पुरातत्त्व खात्याकडून 'पुरावशेष नाही' असा दाखला आधी घ्या. विमानतळावर दुकानदाराची पावती पुढे करून भागत नाही. मी सरळ लाकडी पल्लांकुळी घेतली. चौदा खळ्यांचा पट, चिंचोक्यांनी खेळायचा. तोही जुना नव्हता, दुकानदाराने स्वतःहून सांगितलं. त्याच दुकानातून मग सासूबाईंसाठी पितळी कूजाही घेतला.

मळवलीचा:
त्या दुकानाची खूण कळवा की राव. पुढच्या महिन्यात परत चाललोय.