‘पॅरेंट सिलेक्शन’ला मराठीत काय म्हणाल?

कोडकीटक: जेनेटिक अल्गोरिदमवर मराठीत टिपण लिहितोय, म्हणजे उत्क्रांतीची नक्कल करत, उत्तरांच्या पिढ्यांमागून पिढ्या काढत चांगलं उत्तर शोधायची संगणकी रीत. पुढची पिढी काढायला ज्या दोन उत्तरांचा संकर करायचा, ती आधी वेचतात. त्यांना ‘पालक’ म्हणावं का? ‘पालक-निवड’ असं लिहिलं तर बायको म्हणाली, मंडईत जातोच आहेस तर मेथीपण आण.

शब्दवेडी: पालक नकोच. पालक वाढवतो. इथे ही जोडी जनुकांचे तुकडे देते आणि बहुधा त्याच फेरीत पुसली जाते. ‘जनक’ घ्या. ‘निवड’ तशी रुळलेली आहे, पण तांदूळ निवडताना आपण खडे फेकतो. इथे खड्यालाही थोडी संधी असते.

कोडकीटक: बरोबर, ‘रूलेट व्हील’ (जुगाराचं फिरतं चाक) नावाच्या निवडीच्या रीतीत तेच. या अल्गोरिदमचे जनक जॉन हॉलंड यांच्या १९७५ च्या पुस्तकापासून चालत आलेली कल्पना: जितका फिटनेस, म्हणजे उत्तर किती चांगलं त्याचे गुण, तितका चाकाचा वाटा.

जुना गडी: मग सरळ ‘चक्री’ म्हणा की राव, जत्रेतली! फक्त घरं लहानमोठी. चौघांचे फिटनेस ९०, ५, ३, २ असले तर पहिल्याचं घर ९० टक्के. चार-पाच पिढ्यांत सगळी एकाच तोंडवळ्याची. क्रमांकावर वाटे पाडले, ४-३-२-१, की तोच पहिला ४० टक्क्यांवर येतो. ‘सोडत’ किंवा ‘भिशी’ मात्र म्हणू नका. भिशीत एकदा चिठ्ठी निघाली की नाव बाद. इथे तोच गडी पुन्हा पुन्हा निघू शकतो.

शब्दवेडी: आणि निवडीची दुसरी रीत, ‘टूर्नामेंट’? ‘स्पर्धा’ म्हटलं की लोकांना उपांत्य फेरी, अंतिम फेरी आठवते.

जुना गडी: तसलं काही नसतं. कुणीही दोघं उचलायचे, सरस तो जनक. एकच कुस्ती, तीही कागदावरच्या वजनावर. आखाड्यातला शब्द आहे ना, ‘जोड लावणे’. मघाच्या चौघांत, तोच गडी दोनदा उचलला गेला तरी चालेल असं धरलं, तर पहिला १६ पैकी ७ वेळा जिंकतो. त्याचा फिटनेस ९० असो की ६, फरक पडत नाही.

कोडकीटक: तिघं-चौघं उचलले तर?

जुना गडी: मग जोड कसली, दंगलच! बलवानाचं फावतं.

ऊसवाला: एक राहिलं. ‘एलिटिझम’मध्ये सर्वोत्तम उत्तर जसंच्या तसं पुढे नेतात, संकर नाही. आमच्याकडे त्याला बेणं राखणं म्हणतात. उसाची कांडी लावली की तोच ऊस उगवतो.

शब्दवेडी: शब्द झकास! पण टिपणात ‘हे बेणं पुढच्या पिढीत गेलं’ असं लिहाल तेव्हा वाचणारा हसणार, एवढं धरून चाला.