मदत हवी आहे: ड्राईव्हची लिंक मोबाईलवर उघडते, लॅपटॉपवर सारखं लॉगिन मागते

मंडळी, जरा डोकं चालवा माझ्यासाठी. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनी ऑडिटच्या कागदांचा फोल्डर शेअर केलाय, रिस्ट्रिक्टेड आहे म्हणजे ज्यांचे ईमेल टाकलेत त्यांनाच दिसणार, आणि ते बरोबरच आहे कारण त्यात सगळ्यांच्या थकबाकीचा हिशोब आहे. माझा पर्सनल जीमेल त्यांनी टाकलाय, मोबाईलवर एका झटक्यात उघडतं. पण लॅपटॉपवर तीच लिंक क्लिक केली की आधी साइन इन, मग पासवर्ड, मग ओटीपी, आणि एवढं करून शेवटी "रिक्वेस्ट अ‍ॅक्सेस"!! दोनदा चुकून ते बटण दाबलं, काका म्हणाले अगं तुला दिलाय की अ‍ॅक्सेस, किती वेळा देऊ 😅

लॅपटॉपवर ऑफिसचं अकाउंट पहिलं लॉगिन आहे आणि पर्सनल दुसरं. लिंक उघडल्यावर वर अ‍ॅड्रेसमध्ये यू नंतर ० दिसतो, तो हाताने १ केला तर फोल्डर उघडतो, म्हणजे चुकीच्या अकाउंटने जातंय एवढं कळलं. इनकॉग्निटोमध्ये फक्त पर्सनलने गेलं तरी चालतं. पण आतली प्रत्येक फाईल नव्या टॅबमध्ये उघडली की परत तेच रडगाणं, आणि चाळीसेक फाईली आहेत हो.

काकांना "लिंक असलेल्या कोणालाही" असं करायला सांगायचं नाहीये, ती लिंक उद्या व्हॉट्सअ‍ॅपवर गावभर फिरेल. क्रोममध्ये पर्सनलसाठी वेगळं प्रोफाईल काढलं तर सुटेल का? की ऑफिसमधून सगळीकडून लॉगआउट करून आधी पर्सनलने शिरायचं? कोणी केलंय का असं?