युद्धग्रस्त भागांत संगीताने नेमके काय साधते?

प्रश्न : युद्धाने पोळलेल्या भागांत मैफली होतात, भित्तिचित्रे रंगवली जातात, त्यांची छायाचित्रेही छापून येतात, पण बंदुका चालायच्या त्या चालतच राहतात. मग हा खटाटोप कशासाठी?

प्रतिसाद १ : त्यातून शस्त्रसंधी होत नाही, हे आधी मान्य करावे. १९९९ मध्ये संगीत संचालक डॅनियल बॅरनबॉइम आणि पॅलेस्टिनी-अमेरिकी विचारवंत एडवर्ड सईद यांनी जर्मनीतील वायमार येथे इस्रायली आणि अरब तरुण वादकांचा वाद्यवृंद उभा केला, तेव्हा त्यांचाही तसा दावा नव्हता. तिथे दोन बाजूंचे वादक एकाच स्टँडवरची स्वरलिपी वाचतात. स्वर जुळायचा तर शेजाऱ्याच्या गजाची गती आणि दाब यांकडे कान द्यावाच लागतो, आणि एरवी ज्याच्याशी बोलणेही झाले नसते त्याचे इतक्या बारकाईने ऐकणे, ही माझ्या मते लहान गोष्ट नव्हे.

प्रतिसाद २ : संगीत आपोआप शांततेच्या बाजूचे असते, हा मात्र भाबडेपणा आहे. १९९४ मध्ये रवांडात आरटीएलएम या रेडिओ केंद्राने लोकप्रिय गाण्यांच्या जोडीनेच तिथल्या अल्पसंख्य तुत्सी समाजाविरुद्ध विष पसरवले.

प्रश्नकर्ता : म्हणजे कोण, कोणासाठी वाजवतो हे महत्त्वाचे?

प्रतिसाद ३ : आणि कुठे, हेही. मे १९९२ मध्ये बोस्नियाच्या वेढलेल्या राजधानीत, सारायेव्होत, पावाच्या रांगेतली माणसे तोफगोळ्याने मारली गेली, त्यानंतर तिथले चेलोवादक वेद्रान स्माइलोविच मैफलीच्या काळ्या पोशाखात त्याच जागी जाऊन चेलो वाजवू लागले. ते वादन मृतांसाठी होते. शहराचा वेढा उठायला फेब्रुवारी १९९६ उजाडला.