आईच्या प्रचारात माझा घटस्फोट: उमेदवाराच्या घरच्यांबद्दल मतदारांनी किती विचारायचं?

नदीकाठची (प्रश्न)

माझी आई नगरपालिकेला उभी आहे. प्रभाग महिलांसाठी राखीव झाला, आधी बाबा तिथून नगरसेवक होते, म्हणून तिकीट आईला आलं. बाबांच्या जागी आई, असं लोक म्हणतात. पण बचत गटाच्या कामामुळे प्रभागातलं घर न् घर तिला बाबांपेक्षा जास्त माहीत आहे.

परवा प्रभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझ्या घटस्फोटाच्या अर्जाची दोन पानं कुणीतरी टाकली. माझं नाव, माहेरचा पत्ता, नवऱ्याने माझ्यावर केलेले आरोप, सगळं त्यात होतं. त्याच संध्याकाळी समोरच्यांच्या कोपरा सभेत एक जण माइकवरून म्हणाला, "जिला लेकीचा संसार टिकवता आला नाही, ती प्रभाग काय सांभाळणार?" टाळ्या पडल्या. मी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होते, स्पीकरचा आवाज आमच्या घरापर्यंत स्वच्छ येतो. आई खाली स्वयंपाकघरात होती. तिनेही ऐकलं, पण जेवताना आम्ही दोघी त्यावर काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी ती घरोघर गेली तेव्हा गटारीबद्दल, पाण्याबद्दल फार कुणी विचारलं नाही. बायका विचारत होत्या, "पोरीचं काय झालं हो?" त्यातल्या काहींना खरंच काळजी वाटत होती.

आता ज्याबद्दल विचारायला हवं होतं ते सांगते. पालिकेच्या घंटागाडीचा ठेका माझ्या चुलत भावाच्या एजन्सीकडे आहे. मागच्या दोन गल्ल्यांत गाडी रोज येत नाही, कोपऱ्यावर कचऱ्याचा ढीग साठतो. आई निवडून आली तर त्या ठेक्याच्या मुदतवाढीचा विषय तिच्यासमोर सभागृहात येणार. हे सगळ्या प्रभागाला ठाऊक आहे, आणि एकानेही तिला याबद्दल विचारलेलं नाही.

आता खरा प्रश्न. आमच्याकडच्या पोरांनी समोरच्या बाईंच्या मुलाची माहिती काढली आहे. तो व्यसनमुक्ती केंद्रात होता, त्याचे कागद यांच्या हाती लागलेत. "वहिनी, ईट का जवाब पत्थर से," असं ते आईला सांगताहेत. आई गप्प आहे. मला हे अजिबात पटत नाही, पण 'घरच्यांबद्दल काहीच बोलू नका' असंही मला म्हणता येत नाही, कारण तो ठेकाही घरातलाच आहे. मतदान पुढच्या आठवड्यात आहे. तुमचं काय मत?

निवृत्त ग्रामसेवक

ताई, वाचून वाईट वाटलं. मुलाचे कागद वापरू नका, हे आधी सांगतो.

आमच्या ग्रामपंचायतीत तर कायदाच घरात शिरलेला आहे. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं असेल तर सदस्य अपात्र. घरपट्टी थकली तरी अपात्र. सरकारी जागेवर अतिक्रमण असेल तरी अपात्र, आणि ते स्वतः केलेलंच असायला हवं असं नाही. २०१८ साली जनाबाई खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कुटुंबातल्या माणसाने गायरानात किंवा सरकारी जागेत घर बांधलं आणि सदस्य त्याच घरात राहत असेल, तर 'मी कुठे अतिक्रमण केलं' असं म्हणून सुटता येणार नाही. हा निकाल मला रास्त वाटतो. सासऱ्याने गावाची जागा बळकवायची आणि सुनेने सरपंच होऊन त्याच जागेच्या नोंदी सांभाळायच्या, हे चालायला नको.

तिसऱ्या अपत्याचं मात्र मी फार जवळून बघितलंय. बापाला उभं राहायचं म्हणून पोराचं नाव काकाच्या रेशनकार्डावर चढवलेलं. एका मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर वडील म्हणून चुलत्याचं नाव होतं. पुढे जातीच्या दाखल्याला ती माझ्याकडे आली, तेव्हा कागद जुळेनात. बाप माजी सदस्य, बाहेर मोटारसायकलवर बसलेला. ती मला विचारत होती, "साहेब, आता माझं नाव नक्की कुठलं लावायचं?" पद बापाला मिळालं आणि त्याची किंमत पोरीने भरली. घराची चौकशी करताना त्यातून लेकरांवर काय येतंय हे बघितलंच पाहिजे, असं मी त्या दिवसापासून म्हणतो.

बूथप्रमुख

ताई, राग मानू नका, पण दुसरी बाजू मांडतो. प्रचारात कुटुंब आम्हीच पुढे करतो. बॅनरवर नातवंडांसकट फोटो असतो, घरातल्या सुना औक्षणाला उभ्या राहतात, मुलगा बुलेटवरून रॅली काढतो. २०२४ ला बारामतीत तर लेक की सून, मूळचे पवार की बाहेरून आलेले, यावरच सगळी चर्चा झाली. घर दाखवून मतं मागायची आणि मतदाराने घराबद्दल विचारलं की 'खासगी आहे' म्हणायचं, हे लोकांना पटत नाही.

आणि एखादा उमेदवार बायकोला मारत असेल आणि स्टेजवर महिला सुरक्षेवर बोलत असेल तर? तेही खासगीच म्हणायचं का?

काळा कोट

मी तालुका कोर्टात वकिली करते. दोन्ही प्रकरणांत कायदा काय म्हणतो ते सांगते.

नदीकाठची ताई, हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ प्रमाणे अशी सुनावणी बंद दाराआड होते आणि तिचा मजकूर छापायला किंवा प्रसिद्ध करायला मनाई आहे. मोडलं तर दंड फक्त हजार रुपयांपर्यंत, त्यामुळे कुणी घाबरत नाही. पण निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे तक्रार करताना हे कलम जरूर लिहा. शिवाय ज्या खासगी गोष्टींचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही त्यावर टीका करायची नाही, असं आचारसंहितेतच आहे. स्क्रीनशॉट घ्या, त्यात ग्रुपचं नाव आणि टाकणाऱ्याचा नंबर दिसायला हवा. कोपरा सभेचं रेकॉर्डिंग कुणाकडे असेल तर तेही जोडा.

त्या मुलाच्या कागदांना तर हातही लावू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचे उपचारही येतात, आणि उपचारांची माहिती गुप्त राहणं हा रुग्णाचा हक्क आहे. केंद्रातल्या ज्या कुणी ती बाहेर दिली त्याने आधीच कायदा मोडलाय. तुम्ही ती पसरवलीत तर तुम्हीही अडचणीत याल. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, तो मुलगा बरा व्हायला गेला होता हो.

बूथप्रमुख, तुमच्या प्रश्नाचं उत्तर सोपं नाही. बायकोला मारणं हे उमेदवाराचं स्वतःचं वागणं आहे, नातेवाइकाचं नाही. गुन्हा दाखल असेल तर तो प्रतिज्ञापत्रात लिहावा लागतो आणि त्यावर विचारलंच पाहिजे. पण तिने स्वतः तक्रार केली नसेल तर तिच्या परवानगीशिवाय ते सभेत सांगणं मला मान्य नाही. माइकवरचा माणूस रात्री आपल्या घरी जातो. तिला त्याच घरात राहायचं असतं.

पैशाबद्दल मात्र घरच्यांना विचारायचा हक्क मतदारांनी कोर्टात लढून मिळवलाय. २००२ च्या निकालानंतर उमेदवाराला स्वतःबरोबर जोडीदाराची आणि अवलंबितांची मालमत्ता जाहीर करावी लागते. २०१८ मध्ये लोकप्रहरी खटल्यात या सगळ्यांच्या उत्पन्नाचे स्रोतही सांगायला हवेत असं ठरलं. दुसऱ्या टोकाला, एप्रिल २०२४ मध्ये अरुणाचलच्या एका आमदाराच्या खटल्यात बायको आणि मुलाच्या नावावरच्या गाड्या दाखवल्या नाहीत म्हणून निवडणूक रद्द करायला सुप्रीम कोर्टाने नकार दिला. मतदाराशी ज्याचा संबंध नाही त्यात उमेदवाराला खासगीपणा आहे, असंही म्हटलं. दोन्ही निकाल मला बरोबर वाटतात.

खरी फट 'अवलंबित' या शब्दात आहे. ज्याचं स्वतःचं उत्पन्न आहे तो यात येत नाही. कमावता मुलगा, भाऊ, पुतण्या, जावई सगळे बाहेर. आणि ठेके तर त्यांच्याच नावावर असतात!

निलंगा ते पुणे

वकीलताईंच्या शेवटच्या मुद्द्याला महाराष्ट्राचा इतिहास साक्षी आहे. आमच्या निलंग्याचे शिवाजीराव पाटील निलंगेकर १९८६ मध्ये मुख्यमंत्रिपदावरून गेले ते मुलीच्या एमडी परीक्षेतल्या गुणांच्या प्रकरणामुळे. उच्च न्यायालयाने ताशेरे ओढले होते. १९९९ च्या जानेवारीत मनोहर जोशींनी पद सोडलं तेव्हा पुण्यातला शाळेसाठी राखीव असलेला भूखंड जावयाच्या इमारतीसाठी मोकळा केल्याचं प्रकरण गाजत होतं, आणि २०११ मध्ये सुप्रीम कोर्टानेही त्यावर शिक्कामोर्तब केलं. २०१० मध्ये मुंबईतल्या 'आदर्श' सोसायटीत नातेवाइकांच्या नावावर सदनिका निघाल्या आणि अशोक चव्हाणांना राजीनामा द्यावा लागला. तो खटला पुढे बरीच वळणं घेत गेला, पण पद गेलं ते गेलंच.

लेक, जावई, नातेवाईक. यातलं कुणीही प्रतिज्ञापत्रातलं 'अवलंबित' असेलच असं नाही. तरी तिन्ही वेळा त्यांच्याबद्दल विचारणं रास्त होतं, कारण गुणपत्रिका, भूखंड आणि सदनिका यांच्यामागे पदाची ताकद वापरल्याचा आरोप होता. आणि यातलं एकही प्रकरण प्रचारसभेच्या माइकवर तडीला गेलं नाही. कुणीतरी याचिका केली, कुणी बातमी लावून धरली, फाइली बाहेर आल्या. माझे वडील पुण्याच्या त्या रस्त्यावरून जाताना दरवेळी ती इमारत दाखवायचे, "इथं शाळा व्हायची होती."

ताई, तुमच्या आईला घंटागाडीबद्दल कुणी विचारलं नाही याचं मला जास्त वाईट वाटतं. घटस्फोटावर बोलायला काही वाचावं लागत नाही. ठेक्यावर बोलायला टेंडरची रक्कम, मुदत, दंडाची अट हे सगळं काढावं लागतं, आणि तेवढे कष्ट कुणी घेत नाही.

नदीकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. वकीलताई, तक्रार दिली, कलम २२ लिहूनच. पानं ग्रुपवरून काढली गेली, पण तोवर ती गावभर फिरली होती.

मुलाचे कागद आईने पोरांकडून मागून घेतले आणि त्यांच्यासमोरच फाडले. मोबाइलमधले फोटोही पुसायला लावले. एक जण रुसून गेला, अजून फिरकलेला नाही. जाऊ दे.

काल रात्री आमच्या चौकात आईची सभा झाली. माझ्याबद्दल ती एकच वाक्य बोलली: "माझी मुलगी माझ्या घरी आहे आणि मला तिचा अभिमान आहे." मग तिने घंटागाडीचा विषय स्वतःहून काढला. ठेका पुतण्याकडे आहे, किती रकमेचा आहे, कधी संपतो, हे वाचून दाखवलं, आणि निवडून आले तर त्या विषयाच्या चर्चेत आणि मतदानात मी बसणार नाही, असं सांगितलं. मागच्या गल्लीतल्या एका आजींनी तिथंच विचारलं, "ते ठीक हाय, पण गाडी रोज येणार का नाही?" या सगळ्या प्रचारात आईला पहिल्यांदाच कुणीतरी कामाचा प्रश्न विचारला.

काकू सकाळपासून बोलत नाहीत. भाऊ बाबांना म्हणाला, घरचं धुणं चौकात धुतलंत. बाबांचंही तोंड उतरलंय, त्यांना हे आधी विचारलं नव्हतं. घरात जड वाटतंय, पण आईने केलं ते मला शंभर टक्के पटलंय.

काका, एक विचारायचं होतं. हे नुसतं सभेत बोलून भागेल का?

निवृत्त ग्रामसेवक

नाही भागणार. सभेतलं बोलणं महिन्याभरात विसरलं जातं. आत्ताच मुख्याधिकाऱ्यांच्या नावे साधं पत्र द्या: ठेकेदार माझा पुतण्या आहे, मी निवडून आले तर त्याचा ठेका, बिलं, मुदतवाढ यांतल्या कुठल्याही विषयावर चर्चेत किंवा मतदानात भाग घेणार नाही. निवडून आल्यावर तो विषय निघेल तेव्हा आईंना सभागृहाबाहेर जायला सांगा आणि इतिवृत्तात तशी नोंद झाली का ते पुढच्या सभेत वाचून घ्यायला सांगा. आणि मागच्या गल्लीतल्या लोकांना घंटागाडीच्या करारनाम्याची प्रत माहिती अधिकारात मागायला सांगा, अर्जाची फी १० रुपये आहे. गाडी चुकली तर दिवसाला किती दंड कापायचा ते त्यात लिहिलेलं असतं. तो कापला जातो का, हे त्यांनीच बघावं, तुमच्या घरातल्या कुणी नको.

पत्राच्या दोन प्रती काढा आणि एकीवर आवक क्रमांक टाकून घ्या.